बचावफळीतून न्यायासनावर : ॲलन पेज

लालबाग-परळच्या मैदानांवर कबड्डी पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला चढाईपटूपेक्षा पकड करणारा खेळाडू अधिक जवळचा वाटतो, आणि म्हणूनच अमेरिकन फुटबॉलमधील ॲलन पेज यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. ओहायोतील कँटन येथे १९४५ साली जन्मलेले पेज १९६७ पासून मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाच्या बचावफळीत खेळू लागले. १९७१ मध्ये ते एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. तोवर हा मान कोणत्याही बचावपटूला मिळाला नव्हता. चेंडू हलताक्षणी समोरच्या धिप्पाड खेळाडूला चकवून आत घुसणे, हे त्यांचे खरे बळ होते. वारंवार निखळल्यामुळे त्यांची एक करंगळी कायमची बाहेरच्या बाजूला वळली.

आपल्याकडे खेळाडूला रेल्वेत किंवा बँकेत नोकरी लागली की घरचे निर्धास्त होतात, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु पेज यांनी खेळत असतानाच शिकून १९७८ मध्ये कायद्याची पदवी मिळवली, हे मला त्यांच्या सर्व किताबांहून मोलाचे वाटते. त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्यांना वगळले, तेव्हा ते शिकागो बेअर्सकडे गेले आणि १९८१ पर्यंत खेळले. पुढे १९९२ मध्ये निवडून येऊन ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी, २०१५ मध्ये, निवृत्त झाले. पत्नी डायेन यांच्यासह त्यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेली संस्था विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते, आणि त्या विद्यार्थ्यांनी लहान मुलांच्या अभ्यासाला हातभार लावावा, अशी तिची अट आहे.