लाँगहॉर्नला म्हणजे विंडोज व्हिस्टाला पाच वर्षं का लागली, रेडमंडच्या शेजारून

मागच्या महिन्यात नाशिकला होते तेव्हा गंगापूर रोडला दादाकडे भाच्याचे मित्र आले होते, सगळे कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला, त्यातल्या एकाला सेमिनारसाठी विंडोज व्हिस्टा, म्हणजे एक्सपीनंतरचं विंडोज, का रखडलं हा विषय मिळालाय. त्याने विचारलं, आत्या तुम्ही तर तिकडे रेडमंडला मायक्रोसॉफ्टच्या मुख्य ऑफिसच्या बाजूलाच राहता, एवढी माणसं एवढा पैसा असून मायक्रोसॉफ्टला पाच वर्षं कशी काय लागली? प्रश्न मला फार आवडला पण चहाच्या कपात मावणारा नव्हता, म्हणून आता इथे बेलव्ह्यूला परत आल्यावर सवडीने लिहितेय. मी स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये नाही, एका छोट्या कंपनीत टेस्टिंग करते, पण आमचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं त्यामुळे तिकडची तारीख हलली की आमचीही हलते. ती सगळी गडबड मी जवळून बघितलीये.

एक्सपी आलं २५ ऑक्टोबर २००१ ला. एक्सपीचं आतलं नाव होतं व्हिसलर, आणि त्यानंतरचं मोठं विंडोज म्हणजे ब्लॅककोम. हे दोन्ही इथून उत्तरेला कॅनडातले डोंगर आहेत, गाडीने चार-पाच तास, हिवाळ्यात इकडची मंडळी बर्फात स्कीइंग करायला जातात. आम्ही गेलो होतो तेव्हा पायथ्याशी जिथून दोन्ही डोंगरांचे पाळणे सुटतात तिथे लाँगहॉर्न नावाचा बार बघितला, आणि व्हिस्टाचं आतलं नाव तेच! म्हणजे मूळ विचार एवढाच होता की दोन डोंगरांच्या मधे जरा टेकायचं, छोटंसं विंडोज काढायचं, २००३ च्या शेवटापर्यंत. पण मग ब्लॅककोमसाठी ठेवलेल्या मोठमोठ्या गोष्टी एकेक करून त्यातच टाकत गेले.

ऑक्टोबर २००३ ला लॉस एंजेलिसला डेव्हलपर लोकांची मोठी परिषद झाली तिथे त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या. अ‍ॅव्हलॉन म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायची नवीन पद्धत, इंडिगो म्हणजे प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची व्यवस्था, आणि विनएफएस. विनएफएस म्हणजे फाइल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली हे लक्षात ठेवायची गरजच नाही, एका माणसाचं नाव टाकलं की त्याचे फोटो, मेल, पत्ता, त्याने पाठवलेली कागदपत्रं सगळं एकत्र समोर. कल्पना खरंच सुंदर होती. पण तिन्ही एकाच वेळी तयार होत होत्या आणि एकमेकांवर अवलंबून होत्या, एक अर्धवट असली की दुसरी चालायची नाही.

त्यात व्हायरस. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्सने सगळ्यांना पत्र लिहिलं की आता नवीन सोयींपेक्षा सुरक्षितता आधी, आणि विंडोजच्या लोकांनी नवीन काम थांबवून जुना कोड तपासायला घेतला. तरी जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर आला आणि ऑगस्टमध्ये ब्लास्टर. ब्लास्टर तर आपल्याकडच्या लोकांना नक्की आठवत असेल, नाशिकला सिंहस्थ चालू होता, मी कॉलेजात होते आणि कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसलं की मधेच एक चौकोन यायचा, साठ सेकंदात कॉम्प्युटर बंद होणार, आणि आकडा एकेक करून खाली उतरायचा, मेल अर्धवट असली तरी गेली. कॅफेवाला एका मशीनवरून दुसऱ्या मशीनकडे पळत असायचा. हे आवरायला मायक्रोसॉफ्टने लाँगहॉर्नवरची कितीतरी माणसं काढून एक्सपीच्या दुरुस्तीवर लावली, तोच सर्व्हिस पॅक २, ऑगस्ट २००४ ला आला. नवीन घराचे गवंडी जुन्या घराचं छप्पर गळतंय म्हणून तिकडे पाठवले म्हटल्यावर नवीन घर थांबणारच.

पण माझ्या मते खरं कारण याच्याही खाली आहे. हजारो लोक कोड लिहित होते आणि पूर्ण विंडोज कसं जोडलंय हे कुणा एकाला दिसत नव्हतं. अमिताभ श्रीवास्तव म्हणून तिथले एक मोठे इंजिनीअर, आयआयटी कानपूरचे, त्यांनी कुठला भाग कुणावर अवलंबून आहे याचा नकाशाच काढून घेतला, तो आठ फूट उंच आणि अकरा फूट रुंद झाला! खालचा एक भाग बदलला की वरचे कुठले मोडतील ते सांगता यायचं नाही. तिथे काम केलेल्या एका इंजिनीअरने नंतर लिहिलं होतं की स्टार्ट मेनूतल्या बंद करायच्या बटणांवर त्याचं वर्ष गेलं, कारण त्याच्या टीमने केलेला बदल दुसऱ्या टीमपर्यंत पोचायलाच एक ते तीन महिने लागायचे. टेस्टिंग करणाऱ्या माणसाला हे वाचून पोटात गोळा येतो, तुम्ही जे तपासताय ते समोरच्याकडे अजून आलेलंच नाही.

२००४ च्या उन्हाळ्यात विंडोजचे प्रमुख जिम ऑल्चिन यांनी गेट्सना जाऊन सांगितलं की हे असं होणार नाही. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, तीन वर्षांचं काम आणि बॉसचं लाडकं स्वप्न समोर असताना असं तोंडावर सांगायला फार धैर्य लागतं. २७ ऑगस्ट २००४ ला जाहीर झालं की विनएफएस लाँगहॉर्नमध्ये नसणार. आधीचा बराचसा कोड बाजूला ठेवून विंडोज सर्व्हर २००३, म्हणजे सर्व्हरसाठीचं आधीच तयार असलेलं विंडोज, त्याच्या पायावर नव्याने सुरुवात झाली. कोड आत घ्यायच्या आधी मशीननेच तपासायचा आणि ज्या टीमच्या चुका फार वाढल्या तिला नवीन काही लिहूच द्यायचं नाही, आधी चुका निस्तरा, असे नियम आले, त्याला तिथे बग जेल म्हणायचे.

आता नाशिकला रस्ते खोदलेले बघून आले, २०२७ च्या सिंहस्थाची कामं. तिथे पर्वणीची तारीख कुणाच्या हातात नाही त्यामुळे जे होणार नाही ते गाळावंच लागतं. लाँगहॉर्नमध्ये २००४ पर्यंत तारीखही पक्की नव्हती आणि कामांची यादीही नव्हती, मग दोन्ही वाढत गेलं.

तरी मार्च २००६ मध्ये परत तारीख हलली. क्वालिटीसाठी अजून काही आठवडे हवेत असं त्यांनी सांगितलं, आणि ते काही आठवडे गेले की कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांना ख्रिसमसच्या खरेदीसाठी मशीन तयार ठेवता येत नव्हती, मग घरगुती ग्राहकांसाठी सरळ जानेवारी. इथे वर्षाची सगळ्यात मोठी खरेदी त्याच काळात होते त्यामुळे दुकानदार फार नाराज झाले. आमच्याकडे तेव्हा व्हिस्टाचा प्रत्येक बीटा, म्हणजे तपासायला दिलेली कच्ची आवृत्ती, आला की सगळ्या टेस्ट परत पहिल्यापासून चालायच्या. आमच्यासारखे हजारो प्रोग्रॅम होते जे वर्षानुवर्षं आपली सेटिंगची फाइल प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्येच लिहायचे, व्हिस्टाने सुरक्षिततेसाठी ते बंद केलं, आणि हे जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती फाइल गुपचूप दुसरीकडे वळवायची सोयही त्यांनाच करावी लागली. असे जुने प्रोग्रॅम, जुने प्रिंटर सगळं सांभाळत नवीन बनवायचं म्हटल्यावर वेळ लागतो हो. शेवटी ८ नोव्हेंबर २००६ ला काम पूर्ण आणि ३० जानेवारी २००७ ला दुकानात.

अ‍ॅपलचंही बघा, त्याच वर्षी त्यांचं मॅकसाठीचं लेपर्ड जूनवरून ऑक्टोबरवर गेलं कारण माणसं आयफोनवर लावली होती. पुढे विंडोज ७ ला मात्र मायक्रोसॉफ्टने आधी फारसं काही जाहीरच केलं नाही आणि ते ऑक्टोबर २००९ मध्ये, म्हणजे तीन वर्षांच्या आत आलं. विनएफएस वेगळं सुद्धा येणार नाही हे जून २००६ मध्येच सांगून टाकलं होतं. ते काढलं हे बरोबरच होतं असं मी टेस्टर म्हणून म्हणेन, पण मनापासून सांगायचं तर ते यायला हवं होतं.