शोकेस दारातून जाईना

आमच्या शोकेसने घराचं दार कधी पाहिलंच नव्हतं, हे आम्हाला सदतीस वर्षांनी कळलं. म्हणजे त्याला स्वतःला दारं भरपूर होती, खाली चार, वर काचेची सरकती दोन, शिवाय टीव्हीच्या खणाला दोन, पण घराच्या दारातून ते कधी आत आलेलंच नाही. ते हॉलमध्येच जन्मलं, तिथेच वाढलं. आठ फूट लांब, सात फूट उंच आणि टीव्हीच्या पोटासाठी पावणेदोन फूट खोल, सगळं एकसंध. बिल्डरचं पत्र आलं, महिनाअखेरीला घर रिकामं करा, तेव्हा हमाल आला, त्याने टेप लावली, दाराकडे बघितलं, परत शोकेसकडे बघितलं आणि म्हणाला, ताई, हे आत आणलं कसं?

आणलंच नाही ना, केलं! तेव्हा लोक फर्निचर 'घ्यायचे' नाहीत, 'करायचे'. १९८७ साली बाबांनी रंगीत टीव्ही घेतला आणि त्याला शोभेल असं काहीतरी पाहिजे म्हणून मिस्त्री बोलावले. मिस्त्री राजस्थानचे, सोबत एक पोरगा. रंधा, करवत, पटाशी, फेविकॉलचा डबा असं सगळं घेऊन ते सकाळी नऊला यायचे आणि बाल्कनीत बैठक मारायचे. पंचेचाळीस दिवस! दिवसाला चार चहा, म्हणजे मिस्त्रींना दोन आणि पोराला दोन. घरात सगळीकडे भुसा, आमटीत भुसा, वह्यांत भुसा, आईच्या केसांत भुसा, आणि शेवटच्या आठवड्यात पॉलिशवाला आला तेव्हा स्पिरिटच्या वासाने आम्ही सगळेच जरा तरंगत होतो. पण तयार झालं तेव्हा रविवार सकाळची मालिका बघायला अख्खा मजला आमच्याकडे जमायचा, आणि मालिका संपली की बाबा टीव्हीच्या खणाची दारं लावून त्याला कुलूप घालायचे. हो, कुलूप. टीव्हीला.

आता त्या खणात हल्लीचा टीव्ही बसत नाही. तो खण वीस इंची, पाठीमागे ढोलीसारखं पोट असलेल्या टीव्हीच्या मापाने केलेला, आणि आजचे बहुतेक टीव्ही त्यापेक्षा रुंद आणि चार बोटं जाडीचे. त्यामुळे गेली बारा-पंधरा वर्षं तिथे वर्तमानपत्रांची रद्दी, गणपतीचं मखर आणि बिघडलेला मिक्सर असं राहतंय.

कोथरूडमधली आमची सोसायटी ८४ सालची. तीन मजले, लिफ्ट नाही, चोवीस फ्लॅट. रिडेव्हलपमेंट म्हटलं की लोकांना नवा फ्लॅट, वाढीव कार्पेट एरिया, पार्किंग असं सगळं दिसतं, पण त्यातला एक भाग कुणीच सांगत नाही, तो म्हणजे चोवीस कुटुंबं एकाच पंधरवड्यात फर्निचर काढायला निघतात. आणि चोवीसही घरांत तेच! शोकेस, बॉक्सचा दिवाण, सोफा कम बेड, डायनिंग टेबल ज्यावर कुणी कधी जेवलं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी एकाने दिवाणाचा फोटो टाकला, 'उत्तम स्थितीत, किंमत चर्चेने', दुपारपर्यंत अकरा दिवाण आले. सगळे विकणारे, घेणारा एकही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर चुकून आमच्याच दिवाणाला 'आमचापण सेम आहे' असा अंगठा दिला. भंगारवाला दोन दिवस आला आणि तिसऱ्या दिवशी त्यानेच भाव पाडला, कारण त्यालाही कळलं की आता हे जाणार कुठे.

एका शेजाऱ्यांनी सांगितलं की तुम्ही महिना चुकवलात. पुण्यात जुन्या फर्निचरला भाव येतो जूनमध्ये, कॉलेजची अॅडमिशन घेऊन पोरं-पोरी येतात, चार जणांत रूम घेतात आणि त्यांना कॉट, टेबल, खुर्ची एवढंच पाहिजे असतं. मार्चमध्ये कोण घेतंय. आणि जूनमध्येसुद्धा शोकेस कुणाला नको असतं हे त्यांनी जाताजाता सांगितलं.

मग माझ्या भाच्याने जुन्या वस्तू विकायच्या अॅपवर टाकून दिलं. पहिल्या तासात सोळा मेसेज. मी खूश. पैकी नऊ जणांनी 'अवेलेबल?' विचारलं आणि आहे म्हटल्यावर गायब झाले, म्हणजे हे लोक नुसती खात्री करत फिरतात की काय कुणास ठाऊक. पाच जणांनी 'लास्ट प्राइस' विचारलं, फर्स्ट प्राइसवर काही बोलणं न होता. एकाने विचारलं की नुसत्या काचा मिळतील का. आणि एक फार गोड बोलणारे गृहस्थ, आर्मीत आहेत म्हणे, नुकतीच बदली झालीये, घासाघीस नाही, काही नाही, सांगू त्या किमतीला तयार, गाडीही तेच पाठवणार, आम्ही फक्त त्यांनी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा, पिन टाकायचा की पैसे जमा. बाबांचा चष्मा डोळ्यावर चढलासुद्धा होता. आई आतून म्हणाली, अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागतोय? आणि तिचं खरंच बरोबर आहे, पिन लागतो तो द्यायला, घ्यायला नाही, हे आमच्या घरात फक्त तिला माहीत होतं कारण भाजीवाल्याला तीच पैसे पाठवते.

मग आमच्यासारख्या घरांतला शेवटचा मार्ग, मावशींना देऊन टाकू. हे म्हणताना आपल्याला किती उदार वाटतं! मावशी पोछा मारता मारता थांबल्या, शोकेसकडे नीट बघितलं, जसं काय पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच बघतायत (रोज तेच पुसतात), आणि म्हणाल्या, ताई, माझी खोली दहा बाय दहाची, हे आत घेतलं तर आम्ही पाच जण बाहेर. मी गप्प. मग त्यांनी स्वतःच स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी मागितली, आणि लोखंडी फोल्डिंगची कॉट, आणि लगेच विचारलं, टेंपोचं भाडं तुम्ही देणार ना? मला आधी जरा लागलं, खोटं कशाला बोलू. मग हिशेब केला तर ती अडचण आमच्याच घरातून निघणार होती. दिलं भाडं.

माझी भाची जर्मनीत असते, ती म्हणते तिकडे मोठ्या सामानासाठी पालिकेची वेगळी गाडी असते, तारीख घ्यायची आणि आदल्या दिवशी सामान फुटपाथवर नेऊन ठेवायचं. गाडी येण्याआधीच येणारे-जाणारे त्यातलं बरं बरं उचलून नेतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. तिच्या पहिल्या घरातलं टेबल, दोन खुर्च्या आणि पुस्तकांचं कपाट असंच रस्त्यावरचं. हे तिने आईला व्हिडिओ कॉलवर कौतुकाने सांगितलं आणि आई दोन दिवस जेवली नाही धड. पोरगी परदेशात जाऊन रस्त्यावरच्या खुर्च्या उचलतेय! आपल्याकडे जुनं घेणं म्हणजे एक तर गरिबी नाहीतर अँटिक, मधलं काही नाही. मंगळवार पेठेतला जुना बाजार (मंगळवार पेठेत असून भरतो रविवारी आणि बुधवारी, पुणं आहे) तिथे हौशी लोक पितळी कंदील शोधत हिंडतील, पण शेजाऱ्याचा धडधाकट दिवाण घेणार नाहीत. त्यावर कोण कोण झोपलं असेल असं वाटतं म्हणे. हॉटेलातल्या गादीवर कोण झोपलं होतं ते चालतं.

बाबांचा मात्र एकच हेका. सागवान आहे ते, सागवान! फुंकून टाकायचं नाही. मग जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याला बोलावलं, हे लोक पडणाऱ्या वाड्यांच्या चौकटी, खांब, तुळया घेतात, रंधा मारून आतलं लाकूड पुन्हा विकतात, मुंबईत ओशिवऱ्याला तर अशा जुन्या फर्निचरचा अख्खा बाजारच आहे. तो आला. बाबांनी शोकेसची ओळख करून दिली, जवळजवळ पत्रिका असल्यासारखी. त्याने ऐकून घेतलं, खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, उलटा केला आणि कडेवरून अंगठा फिरवला. कडेला चिरोट्यासारखे पापुद्रे. काकाजी, ये तो प्लाय है, ऊपर टीक का पत्ता चिपकाया है. फक्त चौकट आणि खालची पट्टी खरी सागवानी, बाकी प्लाय आणि वर सागाच्या पातळ पापुद्र्याची कातडी.

बाबा त्याला चहा न विचारता आत गेले. बाबा, ज्यांनी मिस्त्रींच्या पोरालासुद्धा दोन चहा दिले! पाच मिनिटांनी बाहेर आले ते हिशेबाची वही घेऊन, १९८७ ची, निळ्या पुठ्ठ्याची. पुरावा म्हणून उघडली आणि स्वतःच मोठ्याने वाचायला लागले, सागवान ४ घनफूट, प्लाय १९ मिमी ७ शीट... इथे आवाज जरा खाली आला. टीक विनियर, म्हणजे तोच सागाचा पापुद्रा. त्यांच्याच अक्षरात. म्हणजे सदतीस वर्षं पाहुण्यांना, सोयऱ्यांना, माझ्या सासरच्यांनासुद्धा सागवान सागवान सांगितलं आणि वही बिचारी कपाटात खरं बोलत बसली होती. "त्यावेळी सगळे असंच करायचे," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "चौकट तरी सागवानीच आहे ना?"

त्या व्यापाऱ्याने चौकटीचे पैसे देऊ केले, पण मोडून तुम्ही द्यायची.

या सगळ्या काढाकाढीत एक गोष्ट लक्षात आली की जे जुन्या पद्धतीचं होतं ते सुटत होतं आणि सुटलं म्हणूनच खपलं. आजीच्या पलंगाची नवार उसवली, धुतली, गुंडाळी झाली, पलंगाचे पाय आणि गाते वेगळे झाले, चार लाकडं काखेत मारून एक जण उतरला जिन्याने. कापसाच्या गाद्या उसवून कापूस पिंजून परत गादी होते, त्यामुळे गादीवाला त्या हसत घेऊन गेला, पण फोमची आणि काथ्याची घ्यायला हात लावेना, म्हणाला याचं पुढे काहीच होत नाही. आणि आईचं गोदरेजचं कपाट. लग्नात आलेलं, ७२ सालचं. हे कपाट कंपनी १९२३ पासून बनवतेय, आणि माझी खात्री आहे की तेव्हाची पण कुणाकडे तरी चालू असतील. भंगारवाल्याने वजनावर मागितलं तेव्हा आईने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की त्याने काटा परत पिशवीत घातला. त्या एका वस्तूसाठी मात्र तीन गिऱ्हाइकं आली. अर्थात ते कपाट आमच्याबरोबर आलं, चार माणसं लागली, तिसऱ्या मजल्यावरून उतरवताना हँडल एका ठिकाणी भिंतीला लागलं तर भिंतीचा पोपडा पडला, हँडलला काही नाही. तसंही भिंत पडणारच होती म्हणा.

शेवटी शोकेस कापायचं ठरलं. एक तरुण सुतार आला, हातात इलेक्ट्रिक कटर, कानात ब्लूटूथ. चहा नको म्हणाला, दुसरं काम आहे. जे पंचेचाळीस दिवसांत झालं होतं ते उतरवायला त्याला पस्तीस मिनिटं लागली आणि त्यात एक फोनही झाला. परत तोच भुसा. आई म्हणाली, आमटी झाकून ठेव गं.

मागची प्लाय निघाली तेव्हा त्याने हाक मारली, इधर कुछ लिखा है. भिंतीकडच्या बाजूला, जिथे मिस्त्रींशिवाय कुणाची नजर कधी गेली नसेल, तिथे सुताराच्या जाड पेन्सिलीने हिशेब मांडलेला. एका खाली एक तारखा आणि उचल. आठवडा दीडशे, आठवडा दोनशे. खाली टोटल, दोन रेघा. बाबांनी चष्मा लावला. वही आणली. एक बोट वहीवर, एक प्लायवर, असे बसले खाली स्टुलावर, आणि सुतार कटर बंद करून उभा. सगळ्या ओळी जुळत गेल्या, आणि २० ऑक्टोबरला अडलं. मिस्त्रींच्या हिशेबात दोनशे, वहीत अडीचशे.

"पन्नास रुपये जास्त गेलेत माझे," बाबा म्हणाले. हे आता, २०२४ मध्ये, मार्च महिन्यात, खाली छोटा हत्ती टेंपो उभा असताना.

आईने स्वयंपाकघरातूनच सांगितलं, अहो दिवाळी होती ती, दोन दिवसांवर लक्ष्मीपूजन. पोस्त दिली होती तुम्ही पोराला. पोस्त उचलीत कशी धरतील ते.

बाबा परत बघायला लागले. मग पेन घेतलं आणि वहीत त्या ओळीपुढे काहीतरी बारीक लिहिलं.

चौकटीची लाकडं व्यापारी घेऊन गेला, आठशे रुपये दिले, सुताराचे बाराशे झाले, म्हणजे शोकेस आम्हाला वर चारशेला पडलं. बाकी प्लाय कुणाच्या तरी पाणी तापवायच्या शेगडीसाठी गेली. फक्त तो हिशेबाचा तुकडा, दोन बाय अडीच फुटांचा, बाबांनी देऊ दिला नाही. भाड्याच्या घरात आधीच जागा नाही, तर तो तिथे बेडरूमच्या दारामागे भिंतीला टेकवून ठेवलाय, अक्षराची बाजू बाहेर. आई केर काढताना रोज तो उचलते आणि रोज विचारते, हे कधी टाकायचं?