सातपुड्यातला इंग्रजीचा तास : माझ्या पीएच.डी.चा अनुभव

इंग्रजी अध्यापनावर पीएच.डी. करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांचा सल्ला एकच होता : सोपा विषय घ्या, मॅडम. सोपा म्हणजे काय, तर एक अध्यापन पद्धत निवडायची, एका तुकडीला त्या पद्धतीने शिकवायचं, दुसरीला नेहमीसारखं. आधी चाचणी, नंतर चाचणी, दोन गटांच्या गुणांतला फरक तपासणारं टी-मूल्य काढायचं आणि पद्धत परिणामकारक आहे असं लिहून मोकळं व्हायचं. अशा प्रबंधांनी आपल्याकडची कपाटंच्या कपाटं भरली आहेत. मी चाळले त्यांत पद्धत फसल्याचं कुणी लिहिलेलं दिसलं नाही, आणि तेव्हापासूनच मला त्यांचा संशय यायला लागला.

मला पाहायचं होतं ते वेगळंच. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा आणि धडगावच्या पट्ट्यात मुलांची घरची भाषा पावरी नाहीतर भिली. मराठी ती शाळेत आल्यावर शिकतात. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे तीही त्याच वर्षी समोर येते. शिक्षक इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगतात आणि तो मराठी शब्दही मुलांना नवाच असतो. अशा वर्गात इंग्रजीच्या तासाला नेमकं काय घडतं, एवढाच माझा प्रश्न. मी तळोद्याकडे ज्युनिअर कॉलेजात शिकवते. ही मुलं अकरावीत माझ्यासमोर येतात, त्याआधीची दहा वर्षं मला माहीत नव्हती.

पेट म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. अभ्यास केला की होतं. खरी कसोटी लागली ती आराखडा मान्यता समितीपुढे. पहिलाच प्रश्न आला, "हायपोथिसिस कुठे आहे?", म्हणजे आधीच मांडलेलं गृहीतक; दुसरा, "कंट्रोल ग्रुप?", म्हणजे तुलनेसाठीची नेहमीसारखी शिकणारी तुकडी. मी निरीक्षणावर आधारलेलं काम करणार आहे म्हटल्यावर एक सदस्य म्हणाले, "म्हणजे तुम्ही नुसत्या बसून बघणार?" आराखडा परत आला.

माझे मार्गदर्शक शांत माणूस. त्यांनी मला हैदराबादला इफ्लूच्या, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाच्या, ग्रंथालयात पाठवलं. तिथे बसून वाचलं ते पुढे सगळीकडे कामी आलं. आपल्याच देशात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत मोठा प्रयोग केला होता. व्याकरण बाजूला ठेवून मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असली कामं द्यायची आणि ती सोडवता सोडवता इंग्रजी येऊ द्यायची. जगभर आज 'टास्क' म्हणून जे शिकवतात त्याची मोठी मुळं तिथे आहेत. या प्रयोगाचं मूल्यमापन १९८५ मध्ये बेरेटा आणि डेव्हिस यांनी केलं, तेव्हा त्यांचीही अडचण तीच होती : शाळेतल्या तयार तुकड्या घ्याव्या लागतात, मुलं चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाहीत, मग दोन गट सारखे होते हे म्हणायचं कशाच्या जोरावर?

हे मी दुसऱ्या वेळी समितीपुढे मांडलं, आणि त्याला आमच्या जिल्ह्याचं एक वास्तव जोडलं. दिवाळीनंतर इथली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत, बारडोली-सुरतकडे जातात. पूर्वचाचणीला असलेली कित्येक मुलं उत्तरचाचणीला गावातच नसतात. राहतात ती ज्यांच्या घरी आजी आहे किंवा थोडी शेती आहे ती. मग निकाल पद्धतीचा म्हणायचा की आजीचा? यावर समितीत कुणीतरी हसलं आणि आराखडा मंजूर झाला. संदर्भांपेक्षा आजीचाच वाटा मोठा असावा.

त्यानंतर परवानग्या. जिल्हा परिषद शाळांसाठी शिक्षणाधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, म्हणून तिथे प्रकल्प अधिकाऱ्यांचं वेगळं पत्र. एका कार्यालयात माझा अर्ज दोनदा हरवला. आवक क्रमांक लिहून घेतला होता म्हणून वाचले. कुणी हे काम करणार असेल तर विनंती आहे, पत्रं जूनमध्ये शाळा उघडण्याआधी हातात घ्या. एकदा निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं लागली की शिक्षक सापडत नाही, साहेब तर त्याहून नाही.

पालकांच्या संमतीवर मी सगळ्यात जास्त अडले. विद्यापीठाचा नमुना होता दोन पानी, खाली सही किंवा अंगठा. पण ज्या भागात वनहक्काचे दावे वर्षानुवर्षं चालू आहेत, तिथे अनोळखी बाईने आणलेल्या कागदावर कुणी अंगठा का द्यावा? लोक नाही म्हणत नसत, फक्त उद्या या म्हणत. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, पावरी बोलणाऱ्या एका शिक्षकांच्या मदतीने, काय रेकॉर्ड करणार, ते कोण ऐकणार, कधी पुसणार हे तोंडी सांगितलं, आणि लोकांचं तोंडी हो रेकॉर्ड केलं. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "यातून आमच्या पोरांना काय मिळणार?" लगेच काही नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. विद्यापीठाने ही पद्धत मान्य करावी म्हणून मात्र वेगळं टिपण, मार्गदर्शकांचं पत्र आणि बराच काळ खर्ची पडला.

वर्गात मागे बसायला लागले तेव्हा शिक्षकांना मी तपासणीला आले आहे असंच वाटायचं. मी असेन त्या दिवशी फलकावर तारीख सुवाच्य. हळूहळू ते थांबलं, आणि मग दिसायला लागला तो कोरस. शिक्षक एक वाक्य म्हणतात, सगळा वर्ग तेच म्हणतो, पुन्हा पुन्हा. प्रशिक्षणांत या प्रकाराला घोकंपट्टी म्हणून नावं ठेवतात. मीही याच मताची होते. रेकॉर्डिंग ऐकत बसले तेव्हा वेगळं कळलं. दोन इयत्ता एका खोलीत असताना शिक्षक एका गटाला कोरसला लावून दुसऱ्याकडे वळतात. शिवाय ज्याला येत नाही ते मूल कोरसात सुरक्षित असतं. ते आधी ओठ हलवतं, मग शेवटचा शब्द पकडतं, काही आठवड्यांनी अर्धं वाक्य. एकट्याला उभं केलं की तेच मूल जमिनीकडे बघतं. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एड्रियन हॉलिडे यांनी इजिप्तमधल्या विद्यापीठांच्या प्रचंड वर्गांविषयी जे लिहिलं आहे, की इंग्लंड-अमेरिकेच्या छोट्या वर्गांसाठी घडलेली पद्धत उचलून दुसऱ्या समाजात लावू नका, ते मला या खोलीत पटलं. पण कोरस चांगलाच असंही नाही. आश्रमशाळेत एकाच इयत्तेचा वर्ग होता, शिक्षकांना वेळ होता, तरी कोरसच चालायचा. तिथे तो निव्वळ सवयीचा होता.

दुसरी गोष्ट मुलांच्या पुस्तकांत सापडली. भाषाअभ्यासक सुरेश कनगराजा यांनी यादवीच्या काळात श्रीलंकेतल्या जाफन्यात तमिळ विद्यार्थ्यांना शिकवताना अमेरिकी पाठ्यपुस्तकाच्या समासात मुलांनी काय काय खरडलंय ते अभ्यासलं होतं. वर्गात गप्प असणारी मुलं समासात बोलत होती. मला वाटलं, आपणही बघावं. नेमकी त्या वेळी, २०२३-२४ पासून, बालभारतीच्या पुस्तकांतच कोरी पानं बांधून येत होती. सरकारने २०२५ मध्ये ती बंद केली, दप्तराच्या दृष्टीने ठीकच असेल, पण माझ्यासाठी ती पानं लॉटरी होती. प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार. धड्यातल्या शब्दांची स्पेलिंग चुकलेली, पण मोबाइलवरच्या गेमची नावं रोमनमध्ये अक्षर न अक्षर बरोबर. ट्रकच्या मागे असतात तसली इंग्रजी वाक्यं. एका मुलीने गुजरातेतल्या गावांची नावं रोमन लिपीत लिहिली होती, बहुधा एसटी आणि दुकानांच्या पाट्या बघून. इंग्रजी या मुलांपर्यंत पोचते आहे, फक्त तासातून नाही. प्रबंधातलं माझं आवडतं प्रकरण हेच. परीक्षकांपैकी एकाला ते अनावश्यक वाटलं.

लिहिण्याच्या टप्प्यावर त्रास दिला तो साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. माझ्या वर्गनोंदींत पाठ्यपुस्तकातलीच वाक्यं पुन्हा पुन्हा, कारण वर्गात तीच म्हटली गेली होती! यंत्राला ती चोरी वाटली. अवतरणं वगळून पुन्हा तपासणी करून घ्यावी लागली.

खुल्या मौखिकीत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे निष्कर्ष गडचिरोलीला लागू होतील का? मी म्हटलं, नाही होणार. तिथे गोंडी आणि माडिया आहे, स्थलांतराचं गणित निराळं आहे, पुन्हा वर्गात जाऊनच बसावं लागेल. ते म्हणाले, मग उपयोग काय? यावर आमचा बराच वाद झाला. शेवटी त्यांनी शिफारस केली, अट एकच, मर्यादांचा भाग वाढवा. वाढवला. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, गेला.

मराठी गोषवारा मात्र कुणी मागितला नव्हता. तो मी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेसाठी केला. कोरसवरच्या भागाला बहुशिक्षकी शाळांच्या गुरुजींनी विरोध केला, एका खोलीत अनेक इयत्ता शिकवणाऱ्या बहुवर्गवाल्यांनी उचलून धरलं, चहा गार झाला. पुढच्या परिषदेला प्रत्येकाने आपल्या वर्गातली दोन पुस्तकं आणायची, असं केंद्रप्रमुखांनी जाहीर केलं आणि उपस्थितीपत्रक फिरवलं.