सेलिंग शिकायला स्वतःची होडी कशाला लागते?

सेलिंग, म्हणजे वाऱ्यावर शिडाची होडी चालवणं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पांढरीशुभ्र यॉट आणि तिच्यावर गॉगल लावून उभी असलेली पैसेवाली मंडळी येतात, आणि मग पुढचं वाक्य ठरलेलं, हे काय आपल्यासारख्यांचं काम नाही. मी मुलांच्या सेलिंग बॅचेसना मदत करते आणि हे वाक्य आईवडिलांकडून इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं आता यावर सविस्तर लिहूच.

महाग नक्की काय आहे? वारा फुकट आहे. महाग असतं ते होडी विकत घेणं, ती ठेवायला जागा आणि क्लबची मेंबरशिप, म्हणजे सगळा खर्च मालकीचा आहे, शिकण्याचा नाही. स्वतःची होडी आठवड्यातले बहुतेक दिवस ताडपत्रीखाली पडून असते, तीच मुलांनी आळीपाळीने वापरली तर एका होडीवर अख्खी बॅच शिकते.

आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये. 1947 साली फ्लोरिडातल्या क्लियरवॉटरमध्ये होड्या बांधणाऱ्या क्लार्क मिल्सला सांगण्यात आलं की मुलांना घरच्या घरी बांधता येईल आणि 50 डॉलरच्या आत बसेल अशी होडी काढून दे. प्लायवूड 8 फुटी शीटमध्ये मिळायचं म्हणून होडी 8 फुटांच्या आतच ठेवली, पुढून चपटी, एकच शीड, तीच आजची ऑप्टिमिस्ट, जगभरातली पोरं तिच्यातच पहिल्यांदा बसतात आणि 15 वर्षांपर्यंत तिच्यात रेस करतात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एलेन आणि फिलिप व्हियाने या जोडप्याने ले ग्लेनां ही सेलिंगची शाळा सुरू केली, तिथे शिकवणारे स्वयंसेवक आणि स्वयंपाक, साफसफाई, होड्यांची देखभाल शिकणाऱ्यांनीच करायची. पुढे 1963 मध्ये ब्रिटनमध्ये मिरर डिंगी ही छोटी शिडाची होडी आली, तिचं किट मिळायचं, प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि जोडांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन लावायचं, अशा 70 हजारांहून जास्त होड्या झाल्या! म्हणजे ज्यांना हा खेळ सगळ्यांसाठी खुला करायचा होता त्यांनी होडीच तशी बनवली.

मुलं शिकतात कशी ते जवळून बघितलं ना की हा सगळा खटाटोप कशासाठी ते कळतं. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे जमिनीवर कितीही सांगा, पाण्यात गेल्यावर पोरगी उलटंच करते, होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, शीड फडफडायला लागतं आणि ती वळून माझ्याकडे बघते. मी सांगते, थांब, दोरी सैल सोड, नाक एका बाजूला वळू दे. मग होडी हळूहळू वळते, ती दोरी ओढते, शीड भरतं आणि होडी सरकन् पुढे जाते. त्यानंतर ती माझ्याकडे बघत नाही, शिडाच्या कडेकडे बघते. दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात अख्खी होडी असते आणि निर्णय तिचा असतो, असं दुसरीकडे कुठे मिळतं सांगा बघू.

आता जे मला मनापासून खटकतं ते. एक दिवसाचे मोफत इव्हेंट. बॅनर लागतात, फोटो निघतात, मुलं खूश होऊन घरी जातात आणि मग काहीच नाही, कारण पुढच्या आठवड्यात यायला बस नाही, फॉर्म भरायला मदत नाही, ओले कपडे बदलायला मुलींना जागा नाही, पोहता येत नाही म्हणून घरी भीती. पैसे तिथे घाला ना! दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या वेळेला पोरगं येईल यासाठी घाला. छोट्या मापाची लाइफ जॅकेट्स घ्या, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं की पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटू शकतं, म्हणून मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि 50 न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचं माप) बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला मदत करणारं हलकं जॅकेट, पोहणाऱ्यांसाठी असतं, ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर करत नाही, हे पालकांना आधीच स्पष्ट सांगा.

दुसरं म्हणजे किनाऱ्यावरची माणसं. मासेमारी करणाऱ्या घरांत वारा कधी फिरणार, ओहोटीला वाळू कुठे उघडी पडते, हे पिढ्यान् पिढ्या माहीत असतं, आणि कित्येक ठिकाणी त्यांचीच मुलं क्लबच्या गेटबाहेर उभी असतात. त्यांना पाहुणे म्हणून नका बोलावू. सेफ्टी बोट चालवायचं, शिकवायचं काम द्या, रीतसर पगार द्या, आणि त्यांच्या होड्या सुटायच्या वेळेला आपली रेस लावू नका. चौदा-पंधराची झालेली मुलं छोट्यांना शिकवायला लागली की क्लब आपोआप वस्तीचा होतो.

शारीरिक अडचण असलेल्यांनाही हे जमतं बरं का. हान्सा 303 नावाच्या होडीत दोघं शेजारी शेजारी बसतात, खाली वजनदार बोर्ड असतो म्हणून ती सहजासहजी उलटत नाही, आणि जॉयस्टिकसारख्या दांड्याने वळवता येते. सेलिंग 2000 ते 2016 पॅरालिम्पिकमध्ये पदकांचा खेळ होता, नंतर काढून टाकला, मला तो परत हवाय.

कुणाला सुरुवात करायची असेल तर नव्या होडीसाठी अडून बसू नका, क्लबांच्या मागच्या अंगणात जुन्या ऑप्टिमिस्ट पडलेल्या असतात, विचारलं तर बऱ्याचदा देतातही. घेताना डॅगरबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मधून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या, खाचेत पाणी ओतून गळतंय का बघा, डोलकाठी जिथे बसते तिथे तडा आहे का चाचपून बघा, आणि आतल्या तिन्ही हवेच्या पिशव्या फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी बसलेल्या दिसल्या तर त्या बदलल्याशिवाय कुणालाही त्या होडीत पाठवू नका.