बेचाळिसावा दिवस

रात्रीचे पावणेबारा. लेक आणि तिची आई, दोघी झोपल्या आहेत.

आज लेकीचं रडणं साडेसहाला सुरू झालं. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी. दूध पाजून झालं, ढेकर काढून झाला, लंगोट बदलून झाला. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. आई फोनवर म्हणाली, "पोटात वारा धरला असेल." असेलही. पण रडताना लेक इतकी हवा गिळते की आधी वारा की आधी रडणं, कोण सांगणार?

सकाळीच डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. ताप नाही, वजन वाढतंय, टाळू फुगलेली नाही, उलटी हिरवी नाही, शीमध्ये रक्त नाही. त्यांनी पायाची बोटंसुद्धा एकेक करून पाहिली; एखादा केस बोटाला आवळून बसला की मूल असंच टाहो फोडतं म्हणे. हे मला कधीच सुचलं नसतं. गॅसचे थेंब मागितले, तर म्हणाले, चाचण्यांमध्ये ते औषध नसलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत.

मग कॉलिकबद्दल, म्हणजे तान्ह्या बाळाच्या अशा रडण्याबद्दल बोलले. १९५४ साली वेसेल नावाच्या डॉक्टरांनी तिनाचा नियम मांडला: दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त, ३ आठवड्यांहून जास्त. (तीन आठवडे हे सहन करून मग नाव मिळायचं, हे भारीच!) निदानासाठी आता तासांवर अडत नाहीत. २०१६ च्या निकषांत पाच महिन्यांखालच्या, बाकी ठणठणीत बाळाचं वारंवार, बराच वेळ चालणारं, उघड कारण नसलेलं आणि सांभाळणाऱ्यांना थांबवता न येणारं रडणं म्हणजे कॉलिक.

थांबवता न येणारं. म्हणजे माझं हरणं व्याख्येतच आहे! गेले तीन आठवडे मी ही परीक्षा समजून बसलो होतो. काल हिच्यावर उगाच खेकसलो, "तू काहीतरी वेगळं खाल्लंस का?" तिनं उत्तर दिलं नाही. माफी अजून मागायची राहिली आहे.

सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं शिगेला पोचतं, बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत ओसरतं, असंही डॉक्टर म्हणाले. म्हणजे आत्ता आम्ही शिगेवर आहोत.

आठच्या सुमारास माझी पकड घट्ट होतेय हे मलाच जाणवलं. लिहितानाही लाज वाटतेय. डॉक्टरांनी बजावलं होतं: काही झालं तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही, मेंदूत रक्तस्राव होतो, त्यापेक्षा पाळण्यात उताणं ठेवा आणि बाहेर जा. ठेवलं. दार लोटून घेतलं आणि पाच मिनिटं गॅलरीत उभा राहिलो. आतला आवाज तसाच होता, हात मात्र सैल झाले होते.

रडण्याच्या वहीत मी एक रकाना आखला आहे: 'कशाने थांबलं?' आजवर तिथे अंगाई, फेऱ्या, पंखा असलं काय काय भरलंय. आज लिहिलं: पावणेदहाला.