जुना बल्ब हातात घेऊनच दुकानात जावे

हेडलाइट गेला की समोरचा रस्ताच ते सांगतो आणि इंडिकेटरचा बल्ब उडाला की डॅशबोर्डवरची टिकटिक भरभर होऊ लागते. ब्रेक लाइट बंद पडल्याचे मात्र बहुतेक गाड्यांत चालकाला काहीच कळत नाही. ते कळते मागून येणाऱ्याला, आणि पसरणी घाटातल्या पावसाळी धुक्यात किंवा साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या उतारावर ते त्याला फार उशिरा कळते. म्हणून महिन्यातून एकदा तरी अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी, ब्रेक दाबावा आणि भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल उजेड सारखाच पडतो का, हे आरशातून पाहावे.

एकाच बाजूचा दिवा लागत नसेल, तर दोष बहुधा बल्बचा असतो. दोन्ही बाजूंचे आणि मागच्या काचेजवळचा तिसरा असे सगळेच एकदम बंद असतील, तर बल्ब विकत आणण्यात अर्थ नाही. आधी फ्यूज पाहावा आणि मग ब्रेक पेडलच्या वर, दांड्याला टेकलेला छोटा स्विच तपासावा. उलट, पाय काढल्यावरही दिवे विझत नसतील, तर त्या स्विचला टेकणारे रबरी किंवा प्लॅस्टिकचे बटण झिजून पडलेले असण्याचा संभव मोठा असतो, आणि तसेच राहिले तर सकाळपर्यंत बॅटरी उतरते.

बल्ब काढणे अवघड नाही. अनेक हॅचबॅक गाड्यांत डिकी उघडल्यावर दिव्याच्या कडेला दोन स्क्रू दिसतात; ते काढून दिवा सरळ मागे ओढला की होल्डर हाती येतो. होल्डर थोडा फिरवला की तो सुटतो, आणि पितळी टोपीचा बल्ब किंचित आत दाबून डावीकडे वळवला की बाहेर येतो.

हा बल्ब उजेडात धरून नीट पाहावा. बहुतेक वेळा आत दोन तारा दिसतात: एक 21 वॉटची, ब्रेकसाठी, दुसरी 5 वॉटची, रात्रभर मंद जळणाऱ्या टेल लाइटसाठी. उडालेली तार मधोमध तुटून तिची टोके सुटी झालेली असतात. काच आतून काळवंडलेली असेल, तर तापलेल्या तारेतले टंगस्टन उडून काचेवर बसले आहे असे समजावे. तार शाबूत असली तरी असा बल्ब थोड्याच दिवसांचा सोबती असतो. टोपीवर बारीक अक्षरांत पी21/5डब्ल्यू असे कोरलेले असते. अमेरिकन पद्धतीच्या खोक्यावर हाच बल्ब 1157 या क्रमांकाने येतो. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात, एक वर आणि दुसरी किंचित खाली असते, म्हणून तो होल्डरमध्ये एकाच बाजूने बसतो. जोर लावून उलटा बसवला, तर टेल लाइट प्रखर आणि ब्रेक लाइट मंद होतो, आणि हे बंद दिव्याइतकेच घातक आहे. एकाच तारेचा पी21डब्ल्यू दिसायला अगदी तसाच असतो, पण त्याच्या खुंट्या समान उंचीवर असतात आणि तळाशी दोनऐवजी एकच ठिपका असतो. काही गाड्यांत टोपीच नसते, नुसता चपट्या काचेचा बुडखा असतो, तो डब्ल्यू21/5डब्ल्यू.

दुकानदार गाडीचे नाव विचारतो, पण एकाच गाडीच्या निरनिराळ्या मॉडेलांत बल्ब बदललेले असतात, त्यामुळे नावापेक्षा जुना बल्ब काउंटरवर ठेवणे अधिक खात्रीचे. साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या परिसरात असो वा कराडात, जिथे ट्रकचेही सामान मिळते तिथे 24 व्होल्टचे बल्ब अगदी याच आकाराचे असतात, आणि आपल्या 12 व्होल्टच्या गाडीत ते मिणमिणते जळतात. म्हणून व्होल्टचा आकडाही वाचूनच घ्यावा.

नवा बल्ब बसवण्याआधी होल्डरमध्ये डोकावावे, कारण आपल्याकडच्या पावसात पाणी झिरपून पितळेवर हिरवा कळंक चढतो. या कळंकामुळे बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही, आणि ते 10 टक्क्यांनी घसरले की बल्बचा प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतो, तेव्हा बारीक पॉलिश पेपरने तो कळंक घासून काढणे हे बल्ब बदलण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटरही मंद उजळत असेल, तर अर्थिंगची तार सैल किंवा गंजलेली आहे, आणि नव्या बल्बने ते दुरुस्त होणार नाही.

एलईडीविषयी अनेक जण विचारतात. एलईडी साध्या तारेपेक्षा सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागाने आधी उजळतो, म्हणजे ताशी 80 किलोमीटर वेगाने मागून येणाऱ्याला जवळपास साडेचार मीटर अंतर जादा मिळते, हे खरे आहे. तथापि साध्या बल्बसाठी घडवलेल्या दिव्यातला आरसा तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो, आणि स्वस्त एलईडी तिथे बसवल्यास प्रकाश मधोमध एका ठिपक्यासारखा राहतो, बाजूंना पसरत नाही. कंपनीने एलईडीच दिला असेल, तर उत्तम. नसेल, तर चांगल्या प्रतीचा साधा बल्ब घ्यावा आणि एक बाजू उडाली तरी दोन्ही बाजूंचे सोबतच बदलावेत, कारण दुसऱ्या बाजूचा बल्बही तेवढाच जळलेला असतो. तिसरा दिवा मात्र बहुतेक नव्या गाड्यांत सीलबंद एलईडी पट्टीचा असतो. तो बिघडल्यास आख्खी पट्टीच मागवावी लागते.