चाकांवरचं घर आणि चार वेळा सीमापार : माझा अनुभव

शिनोळीला चहा प्यायला गेलं की आम्ही महाराष्ट्रात, आणि तासाभरानं घरी परतलो की कर्नाटकात. बेळगावच्या माणसाला सीमा ओलांडायला कागद लागत नाही. 2021 साली कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा रिपोर्ट दाखवावा लागला, तेवढाच काय तो अपवाद. म्हणून दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाचा, म्हणजे पॅटागोनियाचा, नकाशा पहिल्यांदा नीट बघितला तेव्हा मी चक्रावलो. अर्जेंटिनाचं उश्वाया हे शहर एका बेटावर आहे, आणि अर्जेंटिनाच्याच मुख्य भूमीवरून तिथं रस्त्यानं जायचं तर मध्ये चिली लागतं. आपल्या देशातल्या गावाला जायला दुसऱ्या देशात शिरायचं आणि पुन्हा बाहेर पडायचं. आम्ही मोटरहोम, म्हणजे राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्यानं घेणार होतो चिलीतल्या पुंता अरेनासला आणि परतही तिथंच करणार होतो. म्हणजे चार वेळा सीमा, आणि दर वेळी दोन नाके, एक सोडणाऱ्या देशाचा नि एक घेणाऱ्या देशाचा.

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि तिचा धाकटा भाऊ. उद्यमबागेत माझं मशीन शॉप आहे, ते आता मुलगा बघतो. मेव्हणा खानापुरात शेती करतो आणि ट्रॅक्टरपासून टेंपो ट्रॅव्हलरपर्यंत काहीही चालवतो. मोटरहोम हे खूळ त्याचंच. दक्षिण टोकाकडं गावं लांब लांब आहेत, हॉटेलं महाग आहेत, आणि शाकाहारी जेवण मिळणं कठीण. स्वयंपाकघर बरोबर असलं तर अक्का उपाशी राहणार नाही, हा त्याचा मुद्दा मला पटला.

तयारीतली सगळ्यांत मोठी गोष्ट व्हिसा. इथं एक बारकावा आहे, तो ध्यानात आला नाही तर प्रवास अर्ध्यावर अडतो. आमच्या मार्गात चिलीत तीन वेळा प्रवेश होता आणि अर्जेंटिनात दोन वेळा. म्हणून दोन्ही अर्जांना प्रवासाचा दिवसवार तक्ता जोडला आणि मल्टिपल एन्ट्री स्पष्ट शब्दांत मागितली. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट त्या मानानं सोपं. परिवहनच्या साइटवर अर्ज, हजार रुपये फी, आणि बेळगाव आरटीओत, म्हणजे आमच्या केए-22 च्या ऑफिसात, कागद दाखवायचे. ते एका वर्षापुरतं चालतं, म्हणून फार आधी काढून ठेवू नये.

सराव मात्र आम्ही मन लावून केला. ओळखीच्यांची टेंपो ट्रॅव्हलर घेऊन दोन रविवार चोर्ला घाटातून गेलो, एकदा आंबोलीला पावसात. उंच, लांब गाडीचा मागचा भाग वळणावर कुठं जातो हे कळायला तेवढं पुरलं. तिकडं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, त्याचा सराव इथं करता येत नाही. त्यावर आमचा उपाय एकच होता. पहिले चार दिवस चालवणाऱ्याशेजारी बसलेल्यानं प्रत्येक चौकात मोठ्यानं "उजवीकडं" म्हणायचं. ते आम्ही खरंच केलं.

पुंता अरेनासला गाडी ताब्यात घेताना दोन तास लागले आणि मी ते घाईनं उरकू दिले नाहीत. पिण्याची टाकी कुठं भरायची, सांडपाण्याची कुठं सोडायची, संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची टाकी, कशी ओढून काढायची, गॅसची खटकी, घरातल्या दिव्यांची वेगळी बॅटरी, डिझेलवर चालणारा हीटर, हे सगळं मोबाइलवर चित्रित करून घेतलं. मग करार वाचला. वाऱ्यानं दार उलटं फिरून मोडलं तर तो खर्च विम्यात बसत नव्हता. देणारा मुलगा ते वाक्य बोट ठेवून दोनदा म्हणाला. मला वाटलं, आंबोलीचा वारा बघितलेल्या माणसाला हा काय सांगतोय.

दुसऱ्याच दिवशी कळलं. त्या अक्षांशांत वारा पश्चिमेकडून येतो आणि त्याला अडवायला समुद्रात जवळजवळ जमीनच नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वर जाणारे झोत तिथं नवलाचे नाहीत. पुंता अरेनासच्या मध्यवस्तीत अशा दिवशी चालणाऱ्यांना धरायला दोर बांधतात. आम्ही काही नियम ठरवून टाकले. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडं. एका वेळी एकच दार उघडायचं, तेही दोन्ही हातांनी धरून. दुपारी वारा वाढतो, म्हणून पहाटे निघायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मुक्कामाला पोचायचं. डिसेंबरात पाचच्या सुमारास उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळं दिवस कमी पडत नाही. समोरून ट्रक आला की आधी तो वारा अडवतो आणि गेला की गाडीला एकदम ढकलून देतो. त्या क्षणासाठी स्टिअरिंग घट्ट धरून साठच्या आत राहायचं.

तिथला प्रदेश मला नवा वाटला नाही, याचं कारण आमच्याच जिल्ह्यात आहे. कणकुंबी-जांबोटीला पावसानं छपरं कुजतात आणि अथणीकडं गेलं की माळ कोरडा, कारण सह्याद्री ढग आपल्याकडंच रिकामे करून घेतो. अँडीज तेच करतो, फक्त मोठ्या मापानं. चिलीच्या बाजूला रान, धुकं, हिमनद्या. पूर्वेला अर्जेंटिनात उतरलं की मैलोन्‌मैल पिवळं गवत, मेंढ्या आणि तारेची कुंपणं. मेव्हण्यानं घरून धनगरी घोंगडं आणलं होतं. मेंढ्यांचे कळप दिसले की तो ते खांद्यावर टाकून फोटो काढायचा. रात्री हीटर बंद केला की तेच घोंगडं तिघांत फिरायचं.

पेट्रोल पंपावर एक धडा मिळाला. चिलीत डिझेलला सर्रास "पेत्रोलेओ" म्हणतात आणि आपल्या पेट्रोलला "बेन्सिना". मी पहिल्याच पंपावर बजावत होतो, "नो पेट्रोल, डिझेल, डिझेल", आणि तो बिचारा गोंधळला, कारण त्याच्या कानाला मी एकाच गोष्टीला नको आणि हवं दोन्ही म्हणत होतो. सीमेपलीकडं अर्जेंटिनात पेट्रोल होतं "नाफ्ता" आणि डिझेल "गासोइल". पेट्रोलची गाडी घेतलेल्या मराठी माणसानं चिलीत "पेट्रोल" मागितलं तर मोठं नुकसान होऊ शकतं. तेव्हापासून मी टाकीच्या झाकणावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवूनच बोलायचो. आणि टाकी अर्ध्यावर आली की दिसेल त्या पंपावर भरायची, पुढचा पंप किती दूर आहे याचा हिशेब न करता.

भाषेचं म्हणाल तर आम्ही साठेक स्पॅनिश शब्द पाठ केले होते. घरात मराठी, बाजारात कन्नड, कारखान्यात दोन्ही आणि वर हिंदी, अशात वाढलेल्या माणसाला चौथी भाषा मोडकीतोडकी बोलायची लाज वाटत नाही. ही आमच्या भागाची देणगी मला तिथं रोज उपयोगी पडली.

तोर्रेस देल पाइने या चिलीतल्या राष्ट्रीय उद्यानातले तीन दिवस मी थोडक्यात सांगतो, डोंगरांची वर्णनं पुष्कळांनी केली आहेत. एवढं मात्र पाळा की तिथं शेगडी ठरलेल्या कॅम्पिंगच्या जागीच पेटवायची. 2005 साली एका प्रवाशाच्या स्टोव्हमुळं लागलेल्या आगीत हजारो हेक्टर जळून गेलं. ती काळी पडलेली खोडं बघितल्यावर बायकोनं वाऱ्यात चहा करायचाही हट्ट सोडला.

आता गाडी सीमेपार न्यायच्या कागदाबद्दल. भाड्याचं वाहन चिलीबाहेर न्यायचं तर मालकानं नोटरीसमोर सही करून दिलेला परवाना लागतो, शिवाय अर्जेंटिनात चालणारा विमा. हे आम्ही बरंच आधी मागितलं होतं, पैसे वेगळे भरले होते. गाडी घेताना मी परवान्यावरचा गाडीचा नंबर, चेसिस नंबर, सगळं ताडून बघितलं. माझा पासपोर्ट नंबर बघायचा राहिला. शनिवारी पुएर्तो नतालेसजवळच्या दोरोतेआ नाक्यावर चिलीच्या कस्टम्सच्या बाईंनी कागद हातात घेतला, पासपोर्ट शेजारी ठेवला आणि दोन आकड्यांवर पेन टेकवलं. पाच-आठच्या जागी आठ-पाच झालं होतं. त्या चिडल्या नाहीत, पण शिक्काही मारला नाही. मी चूक दाखवून, लिहून देतो म्हणून विनवलं. त्यांनी फक्त मान हलवली.

परत नतालेसला आलो. गाडी देणाऱ्यांचं ऑफिस अडीचशे किलोमीटरवर, फोन कोणी उचलेना, नोटरी सोमवारी उघडणार. मेव्हणा म्हणाला, "दाजी, चूक त्यांची आहे की, आपण का बसायचं?" मीही संतापलो होतो. पण संताप सोमवार लवकर आणत नाही. आम्ही खाडीच्या काठी गाडी लावून दीड दिवस काढला. त्या खाडीचं नाव "शेवटची आशा" असं आहे. काळ्या मानेचे हंस पाण्यावर येत होते. बायकोनं भाजणीची थालीपिठं लावली, मी कपडे धुतले. सोमवारी दुपारी नवा परवाना पुंता अरेनासहून बसनं आला, आपल्याकडं कंडक्टरच्या हातात डबा द्यावा तसा पाकिटात घालून. त्यातला प्रत्येक आकडा आम्ही तिघांनी आळीपाळीनं मोठ्यानं वाचला. तासाभरात दोरोतेआ पार झालो आणि रिओ तुर्बियोच्या बाजूला उतरलो.

पुढचा आठवडा अर्जेंटिनात गेला. एल कालाफातेजवळची पेरितो मोरेनो हिमनदी, मग एल चाल्तेन आणि 3,405 मीटर उंचीचा फिट्झ रॉय. या टप्प्यात गाडीचा सगळा कारभार बायकोच्या हाती गेला, आणि तो जाणंच बरोबर होतं. राकसकोपचं पाणी आटत आलं की आमच्या गल्लीत चार-चार दिवसांनी नळ येतो. तीन बादल्यांत घर चालवायची सवय असलेल्या बाईला शंभर लिटरची टाकी म्हणजे श्रीमंती. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, अंघोळ पंपावरच्या शॉवरमध्ये, टाकी फक्त पिण्याला नि स्वयंपाकाला. तिथं ट्रकवाले मोठ्या पंपांच्या आवारात रात्रीचा मुक्काम करतात. आम्हीही त्यांच्या शेजारी वाऱ्याच्या आडोशाला गाडी लावायचो. एका ट्रकवाल्यानं माते, म्हणजे तिकडचा चहासारखा पानांचा काढा, पाजला, आम्ही त्याला गुळाचा चहा दिला. त्यानं दुसरा कप मागून घेतला.

चिलीत पुन्हा शिरण्याची वेळ आली तेव्हा प्रश्न होता स्वयंपाकघराचा. चिली आपल्या शेतीला फार जपतं. ताजी फळं, भाज्या, मध, बियाणं आत नेता येत नाही, आणि लपवलेलं सापडलं तर दंड होतो. सान्तियागो विमानतळावर उतरतानाच आम्ही फॉर्मवर "हो, खाद्यपदार्थ आहेत" अशी खूण केली होती. त्यांनी मूग आणि कच्चे शेंगदाणे काढून घेतले, भाजणी, मसाले, चहापूड परत दिली. दंड नाही. कुंदा दुधाचा, म्हणून तो आम्ही मुळातच नेला नव्हता, नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी. तेव्हापासून ठरलं की खूण नेहमी "हो" वरच करायची.

रिओ गायेगोसच्या मुक्कामी रात्री बायकोनं उरलेलं सगळं बाहेर काढलं. चार बटाटे, तीन कांदे, अर्धा कोबी, अंडी, दोन सफरचंदं. अंडी मेव्हण्यानं फस्त केली, बाकीची एकच मोठी भाजी झाली, सफरचंदाचा शिरा झाला. सीमेआधीचं जेवण असं आम्ही त्याला नाव दिलं. सकाळी नाक्यावर अधिकाऱ्यानं कपाटं उघडली, फ्रीज बघितला, रिकामा बघून हसला.

मॅगेलनच्या सामुद्रधुनीवर फेरीबोटीसाठी मात्र पाच तास बसलो. वाऱ्यामुळं बोटी बंद होत्या, ट्रकांची रांग लागलेली. पार व्हायला वीसेक मिनिटंच लागतात. बोटीशेजारी काळेपांढरे छोटे डॉल्फिन पोहत होते, मेव्हणा लहान पोरासारखा या काठावरून त्या काठावर पळत होता. मग सान सेबास्तियान, दोन्ही देशांच्या नाक्यांचं नाव एकच, आणि पुन्हा अर्जेंटिना.

या दोन देशांत बीगल खाडीतल्या बेटांवरून 1978 साली युद्ध होता होता राहिलं. पोपच्या मध्यस्थीनं 1984 मध्ये करार झाला. चिलीनं त्या काळात पेरलेले सुरुंग 2020 पर्यंत काढत होते. शिक्का मारून घेताना हे माझ्या मनात होतं. आमचा सीमावाद माझ्या वडिलांच्या तरुणपणापासून चालू आहे, त्यामुळं कुठला वाद कसा मिटला हे मी जिथं जाईन तिथं विचारतो.

उश्वायाच्या वाटेवरची गारिबाल्दी खिंड उंचीनं बेळगाव शहरापेक्षा कमी आहे, तरी ऐन उन्हाळ्यात आजूबाजूच्या माथ्यांवर बर्फ होतं. उश्वायाच्या पुढं लापाताइया खाडीपाशी रस्ता संपतो. फलकावर लिहिलंय, बुएनोस आइरेस 3,079 किलोमीटर, अलास्का 17,848. बायकोनं तिथल्या पाण्यात हात बुडवला आणि लगेच घोंगड्यात घेतला.

परतीच्या वेळी, चौथ्या सीमेवर, आम्ही पुन्हा सगळं शिजवून संपवलं होतं. तरी सवयीनं "हो" वर खूण केली. अधिकारी बाईंनी सीटखालचा कप्पा उघडला आणि पार मागून एक लसणाचा गड्डा बाहेर काढला, त्याला कोंब फुटला होता. बायको घाबरून माझ्याकडं बघायला लागली. बाईंनी फॉर्मवरची खूण बघितली, गड्डा डब्यात टाकला आणि पासपोर्टवर शिक्का मारला. पोर्वेनीरहून संध्याकाळच्या बोटीनं आम्ही पुंता अरेनासला गेलो.